सावित्रीमाईंचे बलिदान आणि खान्देशातील आरोग्यसेवा

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले म्हटले की १८४८ ची भिडेवाड्यातील शाळा आठवते. परंतु माईंनी प्राण कशासाठी वेचले, यावर आपण फारसे बोलत नाही.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्मलेल्या सावित्रीमाईंनी शेणगोळे झेलत मुली शिकवल्या. फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपले घर खुले केले. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतिराव गेले, तरी माईंनी सत्यशोधक समाजाचे काम थांबू दिले नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला आणि पुढे पुण्यात शिरला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. त्यात अधिकाऱ्यांना अधिकार भरपूर होते, रोग्याची सेवा कोण करणार याचे उत्तर नव्हते. ते उत्तर माईंनी दिले. डॉ. यशवंतांना बोलावून पुण्याबाहेर माळरानावर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला ६६ वर्षांच्या माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. ज्याची सावलीही विटाळ मानली जाई, त्याला त्यांनी पाठीवर घेतले. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा राज्याने तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. आणि दवाखाने? जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. पण निलंबनाने वॉर्डातली माणसे वाढतात काय? धुळे, जळगावच्या खेड्यांत आणि सातपुड्याच्या पाड्यांवर घरोघर फिरल्या त्या आशाताई. सरकार त्यांना स्वयंसेविका म्हणते, म्हणून पगार नाही, मानधन. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशांना संपावर जावे लागले.

माईंनी पाठीवर मूल घेतले, कारण व्यवस्थेने पाठ फिरवली होती. त्यांच्या त्यागाचा दाखला देत आजच्या सेविकांना तुटपुंज्या मानधनावर राबवणे हा माईंचा अपमान आहे. म्हणून १० मार्चला केवळ हार घालून थांबू नका. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर, परिचारिका आणि औषध आहे काय, याचा जाब विचारा. हेच खरे अभिवादन ठरेल!