साडेतीन मिनिटांच्या केसरबाई

रविवारी सकाळी आमच्या घरातून जिन्यात जो आवाज ऐकू येतो, त्याबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत माझ्याकडे दोन तक्रारी आणि एक विचारणा आली. तक्रारी तोंडी होत्या, चहावर मिटल्या. विचारणा यंदा आली. बी विंगमधली आठवीतली एक मुलगी दार वाजवून आत आली आणि विचारू लागली की अंतराळात पाठवलेल्या यानावर ज्या भारतीय बाईंचे गाणे आहे असे शाळेत सांगितले, ती बाई हीच का. मी हो म्हणालो. मग ती पुढचा प्रश्न विचारून मोकळी झाली, की या बाईंचे आणखी काय ऐकायचे आणि कुठून सुरू करायचे. तिला दिलेले उत्तर फार त्रोटक होते. स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा म्हटले, चला, आता सविस्तर देऊ.

केसरबाई केरकर यांचा जन्म 13 जुलै 1892 रोजी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावी झाला. त्या वेळी गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातले हे घर. या समाजाने मराठी मुलखाला किती गायिका दिल्या याचा हिशेब कोणी मांडला तर खातेवही अपुरी पडेल. पण त्या बायकांना मान मात्र गाण्याच्या बैठकीपुरता मिळे, बैठक उठली की मान संपला. केसरबाईंच्या पुढच्या आयुष्यातला ताठा, बिदागीचा आग्रह, कोणासमोर कधी गायचे हे स्वतः ठरवण्याचा हट्ट, हे सगळे इथून आले असे माझे मत आहे. त्यांना गर्विष्ठ म्हणणाऱ्यांनी हा जमाखर्च जरूर पाहावा.

आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापूरला आल्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकू लागल्या. ती तालीम वर्षभरही टिकली नाही. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण झाले. सोळाव्या वर्षी आई आणि मामांबरोबर मुंबई गाठली. तिथे बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही थोडे थोडे मिळाले. नावे मोठी आहेत, पण जरा विचार करा, दहा-बारा वर्षांत चार गुरू आणि प्रत्येकाकडे अर्धवट. आमच्या बँकेत अशा माणसाच्या सर्व्हिस शीटवर फक्त बदल्याच दिसल्या असत्या.

खरे शिक्षण सुरू झाले 1921 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचा गंडा त्यांनी बांधला. खाँसाहेब तेव्हा पासष्टीच्या पुढे गेलेले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. तरुणपणी सततच्या मैफलींमुळे त्यांचा आवाज बसला होता आणि उरलेल्या आवाजाला साजेशी, संथ चालीची, पेचदार गायकी त्यांनी स्वतः घडवली होती. या वयाच्या, आधीच नाव होऊ लागलेल्या बाईला त्यांनी पाटी पुसून पुन्हा सा लावायला बसवले. पुढची अकरा वर्षे ही तालीम कडक शिस्तीत चालली. मैफली त्या 1930 च्या सुमारास घेऊ लागल्या, पण शिकणे थांबले नाही. खाँसाहेब 1946 मध्ये गेले, तोपर्यंत म्हणजे एकूण पंचवीस वर्षे त्या शिष्याच शिष्या राहिल्या. आपल्या सोसायटीचे वय जेवढे, तेवढी त्यांची एका गुरूकडची तालीम.

ही गायकी म्हणजे काय, हे संगीत न शिकलेल्या माणसाच्या भाषेत सांगतो, कारण मीही शिकलेला नाही. शब्द थोडे, आ-कार भरपूर. एक सूर सुटण्याआधीच दुसऱ्याने त्याला धरलेले असते, त्यामुळे कुठे सांधा दिसत नाही. श्वास एवढा लांब की ऐकणाऱ्याचाच कोंडतो. आणि तबल्याच्या आवर्तनावर पूर्ण ताबा. समेवर येताना घाई नाही, चुकूनही उशीर नाही. राग बरेचदा अनवट, म्हणजे सहसा न गायले जाणारे, किंवा दोन रागांची जोडी. आवाज खुला आणि भारदस्त. मायक्रोफोन नसतानाच्या काळात तयार झालेला गळा तो.

मान-सन्मान त्यांना मिळाले. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. सूरश्री ही पदवी टागोरांनी दिली असे पुष्कळ लोक सांगतात. पण टागोर 1941 मध्ये गेले आणि ही पदवी कलकत्त्याच्या रसिक मंडळींनी 1948 मध्ये दिली. तारखा जुळवायची सवय जात नाही, माफ करा. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1969 मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून राज्य गायिका हा बहुमान. त्याआधीच, 1963-64 च्या सुमारास, त्यांनी जाहीर गाणे बंद केले होते. गळा उतरायला लागलाय हे लोकांना कळण्याआधी आपण उठावे, असा हिशेब. शिष्या एकच केली, धोंडूताई कुलकर्णी.

आता मुद्द्यावर येतो. एवढ्या मोठ्या गायिकेच्या रेकॉर्ड किती? फार थोड्या. ब्रॉडकास्ट कंपनीने आणि पुढे एचएमव्हीने काढलेल्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. ज्या बाई एक राग तासभर उलगडत, त्यांना साडेतीन मिनिटांत सगळे बसवायचे. रेडिओ आणि रेकॉर्डिंग दोन्हींपासून त्या फटकून असत. मैफलीत कोणी टेपरेकॉर्डर आणला की गाणे थांबे. आपले गाणे पानाच्या ठेल्यावर वाजावे हे त्यांना सोसणारे नव्हते, असे जुने जाणकार सांगत. यात अहंकार दिसतो खरा, पण आपण कोणासमोर गातो हे जिने पिढ्यान्‌पिढ्यांनंतर पहिल्यांदा स्वतः ठरवले, तिला ठेल्याचे ते स्वातंत्र्य नको असणे मला समजते.

माझ्याकडे केसरबाई आल्या त्या मटन स्ट्रीटवरून, म्हणजे मुंबईच्या चोर बाजारातून. तेव्हा मी बँकेच्या अंबरनाथ शाखेत होतो. शुक्रवारी रजा टाकून जायचे, खोक्यांतून तबकड्या उपसायच्या, धूळ खाऊन संध्याकाळच्या कर्जत लोकलने उभ्याने परत यायचे. अशा चार तबकड्या केसरबाईंच्या जमल्या. त्यांच्यासह सगळा साठा 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीच्या पाण्यात गेला. जुन्या सभासदांना आठवत असेल, आम्ही तेव्हा तळमजल्यावर होतो. पाणी ओसरल्यावर गाळातून तबकड्या निघाल्या. लाखेच्या त्या, पाण्याने विरघळत नाहीत, पण मधली कागदी लेबले पार निघून गेली. आमच्या हिने सगळ्या बादलीत धुऊन गॅलरीत उभ्या केल्या. साठ-सत्तर काळ्या थाळ्या, एकीवरही नाव नाही.

प्लेअर मेलेला होता. तो उल्हासनगरला कॅम्प नंबर दोनमध्ये एका सिंधी कारागिराकडे नेला. त्याने तीन आठवडे घेतले, पण नीट करून दिला, सुईसुद्धा कुठून तरी पैदा केली. मग एकेक थाळी लावून ओळखायची. काहींची ओळख आजही पटलेली नाही. केसरबाईंना मात्र पहिल्या आ-कारालाच ओळखले. चारपैकी तीन हाती लागल्या, चौथीचे तुकडे झाले होते. लेबल नसताना माणूस ओळखू येणे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले.

त्या मुलीसाठी, आणि ज्यांना ऐकावेसे वाटेल त्या सगळ्यांसाठी, आता माझी निवड सांगतो. आज काही विकत घ्यायची गरज उरलेली नाही. एचएमव्हीने जुन्या तबकड्यांवरून पुढे एलपी आणि कॅसेट काढल्या, तेच ध्वनिमुद्रण आता फोनवरही सापडते. सुरुवात भैरवीने करा. जात कहाँ हो या नावाने शोधा. यानावर हीच गेली. दोनदा ऐका, दुसऱ्यांदा शब्दांकडे दुर्लक्ष करून. त्यानंतर देसी आणि तोडी, सकाळी, घरातली कामे उरकल्यावर. ललत पहाटेचा, तो पहाटेच ऐकावा, पण हेडफोन लावून; तक्रारींचा अनुभव मला आहे. मालकंस ओळखीचा राग असल्याने नवख्याला सोपा जातो. आपल्याकडे जुलैत डोंगरावरून पाऊस उतरताना दिसतो तेव्हा गौड मल्हार लावावा. नट कामोद सगळ्यात शेवटी ठेवा. तो जयपूर घराण्याचा खास जोडराग, पहिल्यांदा काही हाती लागत नाही. मला तो आवडायला तीन वर्षे लागली आणि आता तोच सगळ्यात जवळचा आहे. एका दमात सगळ्या तबकड्या ऐकू नका, पेढ्यांचे होते तसे होईल.

एक अडचण मात्र सांगायला हवी. केसरबाईंच्या मैफलींची लांब ध्वनिमुद्रणेही लोकांच्या हातोहात फिरतात. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत असलेल्या एका वृद्ध खातेदाराने निवृत्तीनंतर मला अशी एक कॅसेट दिली होती. वरच्या मजल्यावर फडताळात असल्याने नव्हे, शेजाऱ्यांकडे ऐकायला गेली होती म्हणून ती पुरातून वाचली. त्यात खरखर आहे, कोणी खोकते, मध्येच टेप बदलल्याचा खट्ट आवाज येतो. पण अर्धा तास एक राग सावकाश उलगडत जातो, आणि साडेतीन मिनिटांत न मावलेली ही बाई काय होती ते तिथे समजते. मुद्दा असा की यातले किती त्यांच्या संमतीने झाले? नको म्हणत असताना लपवून केलेले असेल, तर आपण ते ऐकावे का? मी ऐकतो. लपवणार नाही. पण ती कॅसेट मी कोणाला उतरवून दिली नाही आणि सोसायटीच्या हॉलमध्ये लावा असा आग्रह झाला तेव्हा नाही म्हणालो. हॉलमध्ये लावायचे ते त्यांनी स्वतः कंपनीत बसून, माहीत असून दिलेले गाणेच. हा माझा तोडगा तर्काला धरून नाही, हे सेक्रेटरींनी मला सभेतच दाखवून दिले. असो.

यानाची गोष्ट राहिली. 1977 मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली, एक 20 ऑगस्टला आणि दुसरे 5 सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली होती, कधी काळी कोणा परग्रहवासीयाला सापडली तर पृथ्वीची ओळख म्हणून. कार्ल सेगन यांच्या समितीने जगभरातून 27 रचना निवडल्या. बाख आणि बेथोव्हेन आहेत, जॅझवाले लुई आर्मस्ट्राँग आहेत, आणि भारतातून एकच, केसरबाईंची भैरवी. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली. गंमत म्हणजे ती तबकडी मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली. म्हणजे तिथेही मटन स्ट्रीटच!

दुसरे यान सुटल्यावर अकरा दिवसांनी, 16 सप्टेंबर 1977 रोजी, केसरबाई गेल्या. वय 85. केरी गावात त्यांच्या नावाने शाळा आहे आणि गोव्याची कला अकादमी त्यांच्या स्मृतीला दरवर्षी संगीत समारोह करते. व्हॉयेजर-1 आज सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. ठेल्यावर वाजायला नको म्हणणाऱ्या बाईंचे गाणे आता कोणत्याही ठेल्याच्या पलीकडे गेले.

बी विंगच्या त्या मुलीने भैरवी फोनवर ऐकून झाल्यावर माझी पुरातली तबकडी बघायला मागितली. नट कामोद लावला. तिला काही कळले नाही, हे तिने स्पष्ट सांगितले. मधे एका ठिकाणी गाळाचा ओरखडा आहे, तिथे सुई उडी मारते आणि एक तान अर्धीच राहते. तिने विचारले, तिथे मूळ काय आहे. मी म्हातारा माणूस, गाता गळा नाही, पण दार लावून घेतले आणि तेवढी तान तिला म्हणून दाखवली.