चौतीस वर्षांनी तोंड उघडलं

आजचं वाचन: स्तोत्र ३२:१-५



आजच्या स्तोत्रात दावीद सांगतो की तो गप्प राहिला तेव्हा त्याची हाडं झिजत गेली. नीट वाचा. पाप केलं म्हणून झिजली असं तो म्हणत नाही, गप्प राहिलो म्हणून झिजली म्हणतो. हे स्तोत्र मी लहानपणापासून ऐकतेय, पण या आठवड्यात याच ओळीपाशी अडकले. कारण मीही एका गोष्टीबद्दल तीन वर्षं गप्प होते. ती शेवटी सांगते. त्याआधी एका माणसाची गोष्ट, जो चौतीस वर्षं गप्प होता.

जॉन न्यूटन. (सफरचंदवाला नव्हे, तो आयझॅक!) आपल्या युथ मीटिंगमध्ये गिटारवर 'अमेझिंग ग्रेस' वाजतं ना, त्या गीताचा हा लेखक. त्याची साक्ष आपण साधारण अशी ऐकलेली असते: वाईट खलाशी होता, वादळात सापडला, देवाला हाक मारली, बदलला, गीत लिहिलं. मलाही तेवढंच माहीत होतं. खरं आयुष्य मात्र इतकं सरळ नव्हतं.

जॉनचा जन्म १७२५ सालचा, लंडनचा. आई देवभीरू होती, लहानग्या जॉनला वचनं आणि गीतं पाठ करून घ्यायची. तो सात वर्षांचा व्हायच्या आतच ती क्षयाने गेली. वडील जहाजाचे कप्तान. अकराव्या वर्षी पोरगा त्यांच्याबरोबर समुद्रावर गेला. तरुणपणी त्याला जबरदस्तीने नौदलात भरती केलं, तिथून पळायचा प्रयत्न केला तेव्हा सगळ्यांदेखत फटके बसले. पुढे तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजावर गेला आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका व्यापाऱ्याच्या हाताखाली उपाशी, आजारी, चिंध्यांत राहिला. देवाची टिंगल करण्यात तर त्याचा हात कोणी धरत नसे.

तिथून त्याला 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजाने परत आणलं. मार्च १७४८ मध्ये भर रात्री अटलांटिकवर वादळ आलं, जहाजाची एक बाजू फुटली, पाणी आत घुसलं. जहाजात मेण आणि लाकूड होतं, पाण्यापेक्षा हलका माल, म्हणून ते बुडता बुडता तरलं. तासन्‌तास पंप मारताना न्यूटनच्या तोंडून देवाच्या दयेची याचना निघाली, आणि तो स्वतःच दचकला. काही आठवड्यांनी ते मोडकं जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. पुढे आयुष्यभर तो २१ मार्च हा दिवस उपकारस्तुतीत घालवायचा.

आता खरा अवघड भाग.

त्यानंतर तो पुन्हा गुलामांच्याच व्यापारात गेला. हो, पश्चात्तापानंतर! आधी दुय्यम अधिकारी म्हणून, मग १७५० पासून कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. रविवारी तो खलाशांना जमवून उपासना घ्यायचा, आणि त्याच जहाजाच्या पोटात माणसं साखळ्यांनी बांधलेली असायची. बंडाचा संशय आला तेव्हा त्यांचे अंगठे यंत्रात आवळल्याच्या नोंदी त्याच्याच हातच्या आहेत. १७५४ मध्ये अचानक झटका येऊन तो कोसळला आणि समुद्र सुटला. मन पालटलं म्हणून नव्हे, तब्येतीमुळे सुटला.

पुढे लिव्हरपूलला बंदरावर सरकारी नोकरी, अभ्यास, आणि १७६४ मध्ये ओल्नी गावात पाळकाची सेवा. त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र छापलं गेलं. त्यात स्वतःच्या पापांबद्दल पुष्कळ आहे, पण गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार नाही. त्या काळी तो धंदा अब्रूदार समजला जायचा, त्याचेही डोळे हळूहळूच उघडले. 'अमेझिंग ग्रेस' १७७३ च्या नव्या वर्षाच्या संदेशासाठी लिहिलं, तेव्हाही या विषयावर तो जाहीरपणे गप्पच होता. गाणं आधी आलं मित्रांनो, कबुली पंधरा वर्षांनी.

१७८५ च्या शेवटी विल्यम विल्बरफोर्स नावाचा तरुण खासदार लपतछपत त्याला भेटायला आला. नुकताच विश्वासात आला होता, राजकारण सोडावं का या विचारात होता. तोवर लंडनमध्ये पाळक झालेल्या न्यूटनने त्याला तिथंच राहून देवाची सेवा करायला सांगितलं. पुढे विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटमध्ये लढा उभारला, आणि १७८८ मध्ये न्यूटनने अखेर तोंड उघडलं.

त्याने एक पुस्तिका लिहिली. जहाजात माणसं कशी खेटून निजवली जायची, दोघादोघांना कसं एकत्र जखडायचे, बायकांवर काय गुजरायचं, सगळं लिहिलं. मी पाहिलं असं लिहिलं, आणि मी केलं असंही. ही कबुली फार उशिरा आलीय आणि या आठवणीची लाज मरेपर्यंत राहील, हेही मान्य केलं. मग सरकारी चौकशीत आणि पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. साठी उलटलेला, मान मिळालेला पाळक होता तो. गप्प बसला असता तर कोणी विचारलं नसतं.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा झाला. न्यूटन तोवर जवळजवळ आंधळा झाला होता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो प्रभूकडे गेला.

आपण क्षमा म्हणजे डिलीटचं बटण समजतो. दाबलं की हिस्ट्री गायब. न्यूटनच्या आयुष्यात तसं झालं नाही. ज्यांना त्याने विकलं त्यांच्यातल्या एकाकडेही तो परत जाऊ शकला नाही. ती माणसं मळ्यांत राबत मेली. देवाने क्षमा केली म्हणून ते दुःख खोटं ठरलं नाही, आणि तसं म्हणण्याचा आपल्याला हक्कही नाही. मग क्षमेने काय केलं? तिने त्याची भीती काढली. ख्रिस्ताने आपलं सगळं आधीच वधस्तंभावर घेतलंय असा भरवसा असलेल्या माणसाला नाव सांभाळत बसावं लागत नाही, तो खरं बोलू शकतो. स्तोत्रात बघा, ज्याला क्षमा झाली तो धन्य, आणि त्याच दमात म्हटलंय की त्याच्या मनात कपट नसतं. मनात कुढत ठेवलेली खंत हाडं झिजवते. तीच खंत देवासमोर आणि माणसांसमोर उघडी झाली की दुसऱ्या कोणाच्या साखळ्या तोडायला उपयोगी पडते.

आता माझी गोष्ट. माझी चूक आणि न्यूटनची चूक एका तराजूत बसत नाही, हे मला कळतं. पण गप्प बसणं तेच होतं.

तीन वर्षांपूर्वी माझी आजी गेली. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. मी मैत्रिणींबरोबर होते. स्क्रीनवर तिचं नाव पाहिलं आणि मोबाईल उलटा ठेवला. सकाळी ती गेल्याचं कळलं. घरी सांगितलं, फोन सायलेंटवर होता. देवाकडे मी शंभर वेळा माफी मागितली असेल, पण ते खोटं तसंच ठेवून. मग शांती कुठून मिळणार?

परवा मम्मीला खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, उठून आत गेली. मला वाटलं, संपलं सगळं. रात्री जेवताना तिने नेहमीसारखी पहिली चपाती माझ्या ताटात वाढली. आजीची आठवण अजून येते. पण आता ती आली की मी मोबाईल लपवत नाही, आजीसाठी देवाचे आभार मानते.

तुमचंही एखादं 'फोन सायलेंटवर होता' असेल. आज ते प्रभूला खरं खरं सांगा. आणि ज्याला सांगायला हवं ते माणूस हयात असेल, तर उशीर झालाय म्हणून थांबू नका. न्यूटनलाही उशीरच झाला होता.

प्रार्थना: हे देवबापा, माझं जे मला परत घेता येत नाही, ते तू प्रभू येशूमध्ये स्वतःवर घेतलंस. मला लपण्यापासून सोडव. ज्यांना माझ्यामुळे दुःख झालं त्यांना तू सांभाळ, आणि खरं बोलायला मला धैर्य दे. येशूच्या नावाने मागते, आमेन.