चिजांच्या शोधात एक वकील

हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणाचा विचार निघाला की पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव प्रथम घेतले जाते. परंतु हा पुरुष मैफलीचा गवई नव्हता, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. त्यांच्या आवाजाने सभा जिंकल्याची आख्यायिका नाही, की एखाद्या दरबाराने त्यांना गायक म्हणून पदरी बाळगल्याचे वृत्त नाही. त्यांच्यापाशी होते ते इतकेच : वकिलाची चिकित्सक बुद्धी, टिपणे ठेवण्याची सवय आणि एकदा हाती घेतलेले काम न सोडण्याचा विलक्षण हट्ट. एवढ्या भांडवलावर त्यांनी जे उभे केले, त्याचा विस्तार पाहिला म्हणजे मन थक्क होते.

१० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वरी त्यांचा जन्म झाला. घर सुखवस्तू नव्हते. मुलाने शिकून मार्गी लागावे अशीच त्या काळच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरातल्या वडील मंडळींची इच्छा असे, आणि गाण्याबजावण्याकडे त्या वर्गाची दृष्टी कशी होती हे सांगावयास नकोच. कॉलेजात शिकत असतानाच वल्लभदास दामुलजी यांच्यापाशी त्यांनी सतारीचे धडे घेतले. १८८५ साली बी. ए. आणि १८८७ साली एल्एल. बी. अशा पदव्या मिळवून त्यांनी वकिली सुरू केली. काही काळ कराचीतही काढला. मात्र त्याआधीच, १८८४ साली, ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले होते. कैखुस्रो काबराजी या पारशी गृहस्थाच्या पुढाकाराने १८७० साली निघालेल्या या संस्थेत रावजीबुवा बेलबागकर ध्रुपद शिकवीत, तर अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्यालाची तालीम मिळे. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी मंडळी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. शेकडो चिजा कंठस्थ झाल्या, आणि त्याबरोबरच एक शंका मनात घर करून बसली. एकच राग दोन उस्ताद दोन तऱ्हांनी गातात. विचारले तर जो तो आपल्या घराण्याकडे बोट दाखवितो. शास्त्र विचारले तर शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'चे नाव पुढे येते. आणि तो ग्रंथ उघडावा तर त्यातील रागांचा चालू गाण्याशी मेळ बसत नाही. मग खरे काय?

१९०० साली पत्नीचे निधन झाले. १९०३ साली एकुलती एक मुलगीही गेली. वयाची चाळिशी नुकतीच उलटलेली, घर रिकामे. असा आघात झालेली माणसे तीर्थयात्रेला निघतात, तसे भातखंडेही प्रवासाला निघाले. फक्त त्यांच्या यात्रेतील देवळे म्हणजे पोथीशाळा आणि गवयांच्या बैठका होत्या.

१९०४ साली त्यांनी दक्षिणेचा दौरा केला. मद्रास, तंजावर, मदुराई, एट्टयपुरम् अशी स्थळे पाहिली, विद्वानांसाठी प्रश्नांची लांबलचक यादी बरोबर घेतली आणि रोजच्या भेटींचा वृत्तान्त रोजनिशीत मराठीत लिहून ठेवला. उत्तरेकडे लोपलेली प्राचीन विद्या दक्षिणेत शाबूत असेल, 'रत्नाकरा'ची किल्ली तेथे कोणाच्या तरी हाती असेल, ही आशा उराशी होती. ती फोल ठरली. तेथील पंडितांनाही तो ग्रंथ उलगडत नव्हता. हाती आले ते वेगळेच : व्यंकटमखीची 'चतुर्दण्डिप्रकाशिका' आणि तीत मांडलेली बहात्तर मेळांची रचना, रामामात्याचा 'स्वरमेलकलानिधि', एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितरांसारख्या थोर विद्वानाचा सहवास.

त्यांच्या निश्चयाची खरी कसोटी येथे लागली असे म्हणावेसे वाटते. अडचणींशी झगडणारे पुष्कळ असतात. पण ज्या कल्पनेच्या बळावर घर सोडले तीच चुकीची ठरल्यावर, काम न सोडता कल्पना सोडणारे थोडे. भातखंडे यांनी निष्कर्ष काढला की प्राचीन ग्रंथांतील संगीत आज गायले जात नाही. जे आज गायले जाते तेच प्रमाण धरावे, आणि त्याचे नियम त्याच्यातूनच शोधावेत. संस्कृत शास्त्राच्या शब्दाला वेदवाक्य मानणाऱ्या काळात हे विधान धाडसाचे होते. १९०७ साली ते नागपूर, कलकत्ता आणि पूर्व किनारा फिरले. कलकत्त्यास राजा सौरींद्रमोहन ठाकूर यांच्याशी चर्चा केली. त्यापुढील दौऱ्यात प्रयाग, काशी, मथुरा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर ही स्थळे झाली. संस्थानी ग्रंथसंग्रहांत बसून पोथ्या पाहावयाच्या, मिळेल तेथे नक्कल करून घ्यावयाची, आणि संध्याकाळी गवयांना शोधीत हिंडावयाचे, असा हा क्रम. पुढे वकिलीही सुटली.

ग्रंथ मिळविणे त्या मानाने सोपे होते, कारण पोथी एकदा हाती आली की ती नाही म्हणत नाही. चीज मात्र उस्तादाच्या गळ्यात, आणि गळ्याला कुलूप. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली बंदिश ही घराण्याची मिरास. ती मुलाला द्यावयाची, फार तर जावयाला. कोट-टोपी घालून वही-पेन्सिल घेऊन आलेल्या मुंबईच्या वकिलाला का द्यावी? या गवयांना अडाणी किंवा कृपण म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची उपजीविका त्या चिजांवर होती. भातखंडे यांनी आपल्या लेखनात पेशेवर कलावंतांच्या शास्त्रविषयक अज्ञानावर कठोर टीका केली, क्वचित ती कडवटही झाली. तथापि चिजेसाठी त्याच कलावंतांपुढे शिष्य होऊन बसण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंग परंपरेचे धनी. त्यांचे पुत्र आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडून, व पुढे खुद्द खाँसाहेबांकडून, सुमारे तीनशे ख्याल त्यांनी मिळविले. काही फोनोग्राफवर उतरवूनही घेतले. महंमद अली खाँना ते गुरू मानीत. ग्वाल्हेरीस एकनाथ पंडितांनी आपल्या घराण्याचा मोठा संग्रह दिला. रामपूरला नवाब हमीद अली खाँ यांच्या दरबारात तानसेनाच्या वंशपरंपरेतील बीनकार वजीर खाँ होते. सेनी ध्रुपदे तेथेच मिळण्यासारखी होती, आणि शागीर्द झाल्यावाचून मिळण्यासारखी नव्हती. पन्नाशी उलटलेल्या, ग्रंथकार म्हणून नाव झालेल्या या पंडिताने तेही शागीर्दपद पत्करले.

१९१० साली 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ बाहेर पडला. ग्रंथकर्ता 'चतुरपंडित', भातखंडे यांनी स्वतःचे नाव घातलेच नाही. पंडितांना पटवावयाचे तर संस्कृतात लिहिले पाहिजे, आणि लोकांना शिकवावयाचे तर मराठीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्याच वर्षी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' या मराठी ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. गुरू-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेल्या या ग्रंथाचा चौथा भाग १९३२ साली निघाला. बावीस वर्षे एक ग्रंथ चालू होता! बहात्तर मेळांच्या धर्तीवर, परंतु उत्तरेकडील चालू रागांना पुरतील एवढेच, बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी असे दहा थाट त्यांनी ठरविले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब व तार सप्तकाला वर, ही त्यांची स्वरलिपी कोणत्याही छापखान्यात जुळविता यावी इतकी साधी होती. दहा थाटांच्या चौकटीत न मावणारे राग आहेत, आणि मींड व गमक कागदावर उतरत नाहीत, हे आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतले गेले व आजही घेतले जातात. ते खोटे नाहीत. पण आक्षेप घेण्यासाठीसुद्धा समोर काही लिहिलेले असावे लागते, आणि ते त्यांनी लिहून ठेवले.

मार्च १९१६ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. या नगरीला संगीतशिक्षण नवे नव्हते. मौलाबक्षांची गायनशाळा तेथे १८८६ सालीच निघाली होती. परिषदेत श्रुतींचा वाद रंगला. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स साहेब यांनी गणिताने सिद्ध केलेल्या श्रुतींची पेटी पुढे आणली. परंतु तिचे स्वर झाकिरुद्दीन खाँसारख्या कसलेल्या ध्रुपदियाच्या गळ्याशी जुळेनात. चालू गाणे हेच प्रमाण, ही भातखंडे यांची भूमिका तेथे भर सभेत तपासली गेली. पुढील परिषदा दिल्ली, काशी आणि लखनौ येथे झाल्या. दिल्लीस राष्ट्रीय संगीत अकादमी काढण्याचा त्यांचा मनोदय होता. ठराव झाले, आश्वासने मिळाली, पैसा मात्र उभा राहिला नाही. हे अपयश त्यांना फार लागले असावे.

ग्वाल्हेरची हकीकत अधिक सुखद आहे. माधवराव महाराज शिंद्यांनी संगीत विद्यालय काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा शिक्षक कोठून आणावे हा प्रश्न उभा राहिला. ज्या नगरीत ख्याल वाढला, तेथे गाणाऱ्यांना तोटा नव्हता, लिहिणारे नव्हते. तेव्हा राजाभैया पूछवाले यांच्यासह काही तयारीच्या गवयांना मुंबईस पाठविण्यात आले. मैफली गाजविलेल्या त्या मंडळींनी पाटी-पेन्सिल घेऊन भातखंडे यांच्यापाशी स्वरलिपीचा श्रीगणेशा केला. ज्याने अनेक उस्तादांपुढे विद्यार्थी होऊन मान लववली, त्याच्यापुढे आता गवई विद्यार्थी होऊन बसले. जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि राजाभैयांनी आपली हयात तेथेच वेचली. १९२६ साली लखनौस राय उमानाथ बली यांच्या खटपटीने मॉरिस कॉलेज निघाले. त्याचेच पुढे भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ झाले. तेथील धुरा त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी सांभाळली. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती देऊन याच शिष्याला फैयाज खाँ यांच्यापाशी तालमीला बसविण्यात आले होते. कागदावरची विद्या गळ्यातल्या विद्येवाचून पुरी होत नाही, हे स्वरलिपीकर्त्याला पक्के ठाऊक होते.

गोळा केलेल्या चिजा ज्यांच्या होत्या त्यांच्याकडेच राहिल्या असत्या तर किती टिकल्या असत्या, हे कोणी सांगू शकत नाही. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तकमालिका' या सहा भागांत अठराशेंहून अधिक बंदिशी छापल्या गेल्या, आणि पुस्तक घेणाऱ्या कोणत्याही मुलामुलीला जयपूर, रामपूर, ग्वाल्हेरचे दालन खुले झाले. यातील शेवटचे भाग सिद्ध होत असताना, १९३३ साली, पंडितजींना अर्धांगाचा झटका आला. तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. पाचवा आणि सहावा भाग पुढील वर्षी प्रसिद्ध झाला.