अमृताने रंग फिके केले नाहीत
नोव्हेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमृता शेरगिलची चित्रं दिल्लीच्या उकील बंधूंच्या चित्रांसोबत मांडली होती. उकिलांची शैली बंगाली वळणाची, नाजूक, हलक्या रंगांची. अमृता पॅरिसला शिकलेली; तिच्या ठसठशीत तैलरंगांत आपल्या साध्यासुध्या, गप्प बाया. दिवाणखान्यात शोभतील अशी गोड चित्रं काढणं तिला सहज जमलं असतं. पण तिने ते केलं नाही. मुंबईहून ती अजिंठा-वेरूळला गेली, पुढे दक्षिणेत. ते सगळं डोळ्यांत साठवून १९३७ मध्ये तिने 'वधूचा शृंगार' रंगवलं. त्याच वर्षी 'तीन मुली' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९४१ मध्ये लाहोरला ती वारली, तेव्हा अवघी २८ वर्षांची होती. तिच्या त्या गप्प बाया मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आजही भेटतात.