पेटीला मैफलीत मान मिळवून देणारे कै. गोविंदराव टेंबे

भजन म्हटले की टाळ, तबला आणि पेटी ह्या तीन वस्तू आल्याच. आपल्या झाडीपट्टीत धान निघाल्यावर जी रात्रभर नाटके चालतात, त्यांतही रंगमंचाजवळ पेटी किंवा ऑर्गन असल्यावाचून पडदा वर जात नाही. ही पेटी आता इतकी घरची झाली आहे की ती परदेशातून आली हे आपल्या ध्यानातही राहात नाही. पण एके काळी तिला मोठ्या गवयांच्या बैठकीत फारसा मान नव्हता. तो मान ज्यांनी मिळवून दिला, त्यांत कै. गोविंदराव टेंबे ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

पेटीचा जन्म युरोपातला. १८४२ साली पॅरिस शहरी देबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचा हक्क नोंदविला. पुढे हे वाद्य हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला हाताचा भाता बसवून जमिनीवर मांडी घालून वाजविण्याजोगे केले. परंतु ह्या वाद्यात एक उणीव आहे. सारंगीच्या तारेवरून बोट सरकविले की एका सुरातून दुसऱ्या सुरात अलगद जाता येते. पेटीत प्रत्येक सुराची पितळी पट्टी वेगळी व ठरलेली. दोन सुरांमधली जागा तिला दाखविता येत नाही. आपल्या गाण्याचा जीव तर त्या मधल्या जागेतच असतो. म्हणून जाणकार पेटीला नाके मुरडीत.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालचा. त्यांचे बालपण कोल्हापूरकडे गेले. शाहू महाराजांच्या त्या नगरीत गाण्याला मोठा आश्रय होता. देवल क्लबात नामांकित गवई येत, थोर गायक अल्लादियाखाँ तर दरबारीच होते. पेटी शिकविणारा गुरू गोविंदरावांना रीतसर असा लाभला नाही. ऐकणे, ध्यानात ठेवणे आणि घरी बसून तेच पेटीतून काढण्याचा प्रयत्न करणे, हीच त्यांची शाळा. पुढे भास्करबुवा बखले ह्यांचा सहवास घडला. बुवांच्या मागे बसून त्यांनी साथ केली आणि त्यांनाच गुरुस्थानी मानले. बोटांचा हलकेपणा आणि भात्यावरचा ताबा ह्यांच्या बळावर गळ्यातले गाणे त्यांनी पेटीत आणले. मग नुसती त्यांची पेटी ऐकावयासही लोक जमू लागले. साथीचे वाद्य एकटे बैठक धरू शकते, हे त्यांनी सिद्ध केले.

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे संगीत मानापमान रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदरावांच्या. उत्तरेकडील ठुमरी, दादरा, कजरी अशा प्रकारांचा गोडवा त्यांनी मराठी पदांत उतरविला आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून तो घरोघर पोहोचला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव ह्या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. तेथून निघून त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची कंपनी उभी केली व स्वतः भूमिकाही केल्या. तीही पुढे बंद पडली. तरी त्यांचे काम थांबले नाही. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९३२ साली, प्रभातच्या अयोध्येचा राजा ह्या पहिल्या मराठी बोलपटात ते दुर्गाबाई खोट्यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्र झाले. संगीतही त्यांचेच. त्यांची लेखणीही तशीच सरस. माझा संगीत व्यासंग आणि माझा जीवनविहार ही त्यांची पुस्तके प्रसिद्ध आहेत. अल्लादियाखाँचे चरित्रही त्यांनी लिहिले.

असा मान मिळत असतानाच पेटीवर मोठा घाव बसला. १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपले दार बंद केले. वाद्य परके, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हा ठपका. गोविंदरावांनी ज्या वाद्यासाठी सारी उमर घातली, तेच नभोवाणीवरून हद्दपार झाले. १९५५ साली ते वारले तेव्हाही ती बंदी कायम होती. ती सैल होऊ लागली १९७१ नंतर.

परंतु बंदी राहिली ती नभोवाणीपुरती. देवळात, शाळेत, नाटकात आणि भजनात पेटी वाजतच राहिली. तिच्यातली उणीव खोटी नव्हती, ती आजही आहे. गोविंदरावांनी ती नाकारली नाही. ती असूनही वाद्यातून काय काढता येते, ते वाजवून दाखविले.

साथ करणे हे सोपे काम नाही. गाणाऱ्याचा श्वास ओळखावा लागतो, केव्हा भरावे आणि केव्हा गप्प राहावे हे कळावे लागते, आणि टाळी मात्र बहुधा दुसऱ्याला मिळते. संसारात आपण बायका हेच करीत आलो आहोत, म्हणून ही गोष्ट आपल्याला लवकर उमजावी. आपल्या मंडळाच्या भजनात पेटीवर बसणाऱ्या भगिनीचे नाव कार्यक्रमपत्रिकेत गाणारीच्या बरोबरीने छापावे, आणि घरातल्या मुलीने पेटी शिकते म्हटले तर तिला थोपवू नये. एवढे झाले तरी गोविंदरावांची आठवण ठेवल्यासारखे होईल.