अलेक्झांडर फ्लेमिंग

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये शेतकऱ्याच्या घरी झाला. पुढे ते लंडनला डॉक्टर झाले. १९२८ साली ते सुट्टीवरून परत आले. बघतात तर काय, जंतूंच्या बशीत बुरशी! बुरशीजवळचे जंतू मेले होते. त्या बुरशीतून पेनिसिलीन मिळाले. दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांनी त्याचे औषध बनवले. १९४५ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध कमी घेतले तर जंतू मरत नाहीत, त्यांना औषधाची सवय होते, असे फ्लेमिंग यांनी तेव्हाच बजावले. ११ मार्च १९५५ रोजी ते वारले.

माझा कान फुटला होता. बरं वाटलं म्हणून मी गोळ्या मधेच सोडल्या. कान परत वाहू लागला. आता मी डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या घेतो. तुम्हीही घ्या.