मातीपासून गोठ्यापर्यंत : सर आल्बर्ट हॉवर्ड

एखाद्या गावाचे नाव शास्त्रीय पद्धतीला मिळावे आणि ते जगभर पोहोचावे, असे क्वचितच घडते. इंदूरला तो मान मिळाला आहे. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' देशोदेशीच्या शेतकऱ्यांना परिचित आहे. मी राहतो त्या स्नेहलतागंजातील मराठी घरांतून अहिल्याबाईंचे आणि तुकोजीरावांचे नाव नेहमी निघते; परंतु या गावाचे नाव जगाच्या शेतांत पोहोचविणाऱ्या सर आल्बर्ट हॉवर्ड यांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. खताचा शोधक एवढीच त्यांची ओळख पुरेशी नाही. जनावराचे आरोग्य त्याच्या वैरणीत आणि वैरणीचे आरोग्य मातीत असते, हा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. त्या विचारासाठीच त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावेसे वाटते.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन व केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते १८९९ साली वेस्ट इंडीजमध्ये वनस्पतिरोगांचे अभ्यासक म्हणून गेले. पुढे काही काळ त्यांनी इंग्लंडमध्ये अध्यापन केले. या दोन्ही ठिकाणी त्यांना एकच गोष्ट खटकली. शेतकऱ्याला उपाय सांगावयाचा. परंतु तो स्वतः करून पाहण्यास आपल्या हाती वावभर जमीन नाही! १९०५ साली बिहारमधील पुसा येथे त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी प्रथम जमीन मागून घेतली. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथी या विदुषीशी झाला. पतिपत्नींनी मिळून गव्हाच्या उत्तम जाती तयार केल्या. 'पुसा ४' आणि 'पुसा १२' ही नावे कृषिविषयाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतील.

पण पुशाची खरी कमाई म्हणजे त्यांचे बैल. १९१० च्या सुमारास त्यांना सहा जोड्या मिळाल्या. चांगल्या जमिनीत पिकविलेली हिरवी व सुकी वैरण त्यांना पोटभर दिली जाई. आजूबाजूच्या गुरांत लाळ्या-खुरकताची साथ येई. हॉवर्ड यांच्या बैलांना लस टोचलेली नव्हती आणि ते वेगळेही ठेवलेले नव्हते. कुंपणापलीकडच्या आजारी गुरांच्या नाकाला नाक लावूनही ते आजारी पडले नाहीत, असे हॉवर्ड यांनी नमूद करून ठेवले आहे.

नेमक्या याच काळात, १९०७ ते १९११ या वर्षांत, अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे कालवडींवर एक प्रयोग चालू होता. रासायनिक पृथक्करणात सारखेच ठरणारे चार खुराक कालवडींच्या चार गटांना दिले गेले. मक्यावर वाढलेल्या गायींना सुदृढ वासरे झाली. गव्हावर वाढलेल्या गायींची वासरे अशक्त किंवा मृत जन्मली. पृथक्करणात न दिसणारे काहीतरी चाऱ्यात असते, हे त्यातून कळले. पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला, तेव्हा त्या 'काहीतरी'ला नाव मिळाले. हॉवर्ड गोठ्यातून ज्या दिशेने चालले होते, त्याच दिशेने दुसरे लोक प्रयोगशाळेतून येत होते.

१९२४ साली हॉवर्ड इंदूरला आले. होळकर संस्थानने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था उभी राहिली. आजचे कृषी महाविद्यालय ते हेच. येथे बैलांच्या वीस जोड्या होत्या. आरंभीच्या उन्हाळ्यात वैरणीचा साठा अपुरा होता, बैलांना काम मात्र भरपूर होते. तेव्हा काहींना लाळ्या-खुरकत झालाच. विश्रांती व चांगला चारा मिळताच तो हटला. पुढे गंजी रचून व खड्ड्यांत मुरघास भरून उन्हाळ्याची तरतूद केली गेली आणि साथीने पुन्हा त्रास दिला नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

मग मातीला काय खाऊ घालावयाचे? पिकांचा पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचावयाचे, पाणी शिंपडून तीनदा वरखाली करावयाचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार! या कामात यशवंत वाड हे रसायनज्ञ त्यांचे प्रमुख सहकारी होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर हॉवर्ड व वाड अशी दोन्ही नावे आहेत. साहेबाच्या नावाशेजारी मराठी नाव छापले जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना बंगलोर पद्धत ठाऊक असेलच. ती इंदूरनंतर, १९३९ च्या सुमारास पुढे आली.

१९३० साली गॅब्रिएलबाईंचे निधन झाले. पुढल्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. १९३४ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला, तर १९३५ साली महात्मा गांधींनी इंदूरची संस्था पाहिली. १९४० साली त्यांचा सेंद्रिय शेतीवरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर आला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आज त्यांचे सारेच म्हणणे टिकत नाही. लाळ्या-खुरकत हा विषाणूचा रोग आहे. धष्टपुष्ट बैलालाही तो होतो आणि त्याला लसच हवी. भारत सरकारने २०१९ साली त्यासाठी देशव्यापी लसीकरण हाती घेतले, ते योग्यच होय. दुसरे असे, की कंपोस्ट मातीचेच मातीला परत देते. ज्या जमिनीत जस्त मुळातच कमी, तेथील चाऱ्यातही ते कमी आणि त्या चाऱ्याच्या खतातही कमीच. मध्य प्रदेशातील काळ्या जमिनींत जस्ताची ही उणीव सर्रास आढळते. शिवाय एक लिटर दुधातून सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम जाते. दहा लिटर देणारी गाय रोज १२ ग्रॅम गमावते. नुसत्या भुशावर ती भर निघत नाही. तेथे खनिज मिश्रण द्यावेच लागते.

परंतु त्यांच्या विचारातील गाभा खरा आहे. हिरव्या चाऱ्यातून गुराला 'अ' जीवनसत्त्वाचा मूळ घटक मिळतो. वाळलेल्या भुशात तो जवळजवळ उरत नाही, मुरघासात बराच टिकतो. 'ब' गटातील जीवनसत्त्वे गुराच्या पोटातील सूक्ष्म जीव स्वतः तयार करतात; मात्र ब-१२ साठी त्यांना चाऱ्यातून कोबाल्ट मिळावे लागते, आणि ते मातीतूनच येते. मुरघासाचा खड्डा भरताना हॉवर्ड यांना ही रसायने ठाऊक असोत वा नसोत, बैलाची गरज त्यांनी अचूक ओळखली होती.

आपल्या महाविद्यालयांतून मातीचा अभ्यास एका खोलीत, वनस्पतीचा दुसऱ्या खोलीत आणि जनावराचा तिसरीकडेच चालतो. परीक्षेसाठी ही विभागणी सोयीची असेल. गाय मात्र तिन्ही विषय एकदम जगते. गुराला काय टोचावे, याबरोबरच त्याच्या गव्हाणीत काय आहे आणि ते कोणत्या मातीतून आले आहे, हे विचारण्याची सवय हॉवर्ड यांनी लावली. ती सवय विद्यार्थ्यांनी उचलावी. मग चुकीची उत्तरे पुढची पिढी दुरुस्त करीलच.